ही सही कोणाची?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक लहानसा खटला उभा राहिला. वसुबारसेच्या दिवशी सौभाग्यवतींनी आपल्या मोबाइलवर रांगोळीचे नमुने दाखवणारे एक सॉफ्टवेअर उतरवून घेतले. फुकट होते. ठिपक्यांच्या रांगोळ्या सुरेख होत्या, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण धनत्रयोदशीपासून त्या मोबाइलला जणू कोणी झपाटले. बहिणीला फोन लावावा तर मध्येच दागिन्यांची जाहिरात उभी राही; ती दूर सारावी तर तिच्यामागून कर्ज देणारा पुढे येई. नरकचतुर्दशीला फराळ चालू असताना नातवाने तो मोबाइल हातात घेतला, इकडेतिकडे बोटे फिरवली आणि निकाल देऊन टाकला.

"आजी, ह्या रांगोळीवाल्याला तुझ्या फोनमधली सगळी नावं, सगळे फोटो आणि तू कुठे जातेस-येतेस ते पाहायची परवानगी आहे."

"कोणी दिली?"

"तूच! हे बघ, 'मान्य आहे' म्हणून तू बटण दाबलंयस."

"मी रांगोळी मागितली होती," ती म्हणाली. "घराच्या किल्ल्या नव्हत्या दिल्या त्याला."

मी चाळीस वर्षे तालुक्याच्या कोर्टात वकिली केली. चकलीचा तुकडा हातात तसाच राहिला आणि माझ्या ध्यानात आले की, आजी आणि नातू दोघेही खरे बोलत आहेत. 'सही तुझीच आहे' हे एक वाक्य. 'मी हे मागितले नव्हते' हे दुसरे. ह्या दोन वाक्यांचे भांडण फार जुने आहे. संगणकाच्या जगात ते आले तेव्हा अमेरिकेतल्या कायदेमंडळांना आणि न्यायालयांना त्याने काही वर्षे चांगलेच दमवले. ती हकीकत मोठी उद्बोधक आहे. पण तिच्याकडे जाण्यापूर्वी वाचकांना आपल्याच मुलखात दोन पावले मागे नेतो. कारण भांडणाची जात तेथे चटकन ओळखू येते.

१८७५ सालच्या मे महिन्याची १२ तारीख. पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. त्यांना मुख्यतः हवे होते ते कागद: कर्जरोखे, खतावण्या, हुकूमनामे. ते मिळाले तेथे त्यांची होळी झाली. इतिहासात ह्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्या रोख्यांवर बहुधा कुणब्याच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी असे. कागदात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे. कोर्टात मात्र रोखा बोले आणि कुणबी गप्प राही. निशाणी तुझी ना? माझी. मग झाले!

गंमत अशी की, तीनच वर्षांपूर्वी, १८७२ मध्ये, करारांचा कायदा झाला होता आणि त्यात संमतीची मोठी शहाणी व्याख्या होती: दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तरच ती संमती. सुप्याच्या कुणब्याला ही व्याख्या कोणी वाचून दाखवली नव्हती. दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याने दोन गोष्टी केल्या. एक, शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा. दुसरी त्याहून महत्त्वाची: न्यायाधीशाने रोख्यावरची निशाणी पाहून थांबू नये, रोख्याच्या मागे जावे आणि व्यवहार मुळापासून कसा घडला ते तपासावे. 'रोख्याच्या मागे जावे' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढची सारी कथा त्यांचीच आहे.

आता सव्वाशे वर्षे पुढे आणि सातासमुद्रापलीकडे जाऊ. २००० सालच्या आगेमागे अमेरिकेत घरोघर संगणक आणि इंटरनेट पोहोचले होते. फुकट सॉफ्टवेअरचा सुकाळ झाला. कोणी गाणी उतरवून देई, कोणी हवामान सांगे, कोणी आठवणीत न राहणारे परवलीचे शब्द जपून ठेवी. पण ह्या फुकट पाहुण्याच्या पडशीत आणखी दोघे-तिघे लपून येत. ते घरातच मुक्काम करीत, मालक इंटरनेटवर कोठे कोठे जातो ते टिपून ठेवीत आणि त्या माहितीवर जाहिरातींचा मारा करीत. त्यांना हाकलावे तर दुसऱ्या दाराने परत येत. ह्या जातीला 'स्पायवेअर' म्हणजे हेरगिरी करणारे सॉफ्टवेअर असे नाव पडले. हेरगिरी न करता नुसत्या जाहिराती दाखवणाऱ्याला 'ॲडवेअर' म्हणत. पण दोघांमधली भिंत कुडाची होती.

ह्या धंदेवाल्यांकडे एक हुकमी उत्तर असे: ग्राहकाने 'मान्य आहे' म्हटले आहे. आणि ते खरेच असे. सॉफ्टवेअर बसवताना एका चिमुकल्या चौकटीत भलामोठा करारनामा सरकत जाई. तो कोण वाचतो? पीसी पिटस्टॉप नावाच्या एका कंपनीने ह्याची परीक्षाच घेतली. आपल्या करारनाम्यात तिने एक कलम घातले: जो हे वाचून आम्हाला पत्र लिहील त्याला बक्षीस मिळण्याचा संभव आहे. चार महिने गेले. तीन हजारांहून अधिक लोकांनी ते सॉफ्टवेअर उतरवून घेतले, तेव्हा कुठे एकाचे पत्र आले. त्याला १,००० डॉलर मिळाले. बाकीच्यांनी काय केले होते? निशाणी नांगराची! फरक एवढाच की सुप्याच्या कुणब्याला वाचता येत नव्हते आणि ह्यांना येत होते.

कायद्याने पाऊल उचलले ते २००४ साली. मार्चमध्ये युटा राज्याने स्पायवेअरविरुद्ध अमेरिकेतला पहिला कायदा केला. हेतू चांगला होता, पण जाळे फार रुंद टाकले गेले. व्हेनयू नावाची जाहिरात कंपनी कोर्टात गेली. इंटरनेटचा व्यापार साऱ्या देशभर चालतो, एका राज्याने त्याला असा लगाम घालणे घटनेत बसते काय, असा तिचा प्रश्न होता. जूनमध्ये न्यायाधीशांनी त्या कायद्याची अंमलबजावणी तात्पुरती थांबवली. पहिल्याच घासाला खडा लागला.

खरी अडचण व्याख्येची होती. मालकाला न विचारता आत डोकावणारे सॉफ्टवेअर म्हणजे हेर असे म्हणावे, तर विषाणू शोधून काढणारे उपयुक्त सॉफ्टवेअरही आतच डोकावते. न विचारता बदल करणारे म्हणावे, तर चांगली सॉफ्टवेअरेही आपली दुरुस्ती आपण करतात. वस्तूवर बंदी घालू पाहावे तर चाकूवर बंदी घातल्यासारखे होई. भाजी चिरणारी गृहिणीही गुन्हेगार ठरावयाची. कॅलिफोर्नियाने ह्यातून वाट काढली. त्या राज्याचा कायदा सप्टेंबर २००४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २००५ पासून अंमलात आला. त्याने वस्तूऐवजी कृत्ये मोजली. जाणूनबुजून फसवून संगणकाचे पहिले पान बदलणे, दाबलेली प्रत्येक कळ टिपून घेणे, काढून टाकू पाहणाऱ्या मालकाला अडवणे, 'मी गेलो' असे सांगून आतच दडून राहणे, सुरक्षिततेसाठी हे घ्यावेच लागेल अशी खोटी भीती घालणे: ही ती कृत्ये. पुढे टेक्ससने २००५ मध्ये असाच कायदा केला.

वॉशिंग्टनमध्ये मात्र वेगळेच नाटक चालले होते. कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधी मेरी बोनो ह्यांचे विधेयक प्रतिनिधिगृहाने ऑक्टोबर २००४ मध्ये ३९९ विरुद्ध १ मतांनी मंजूर केले. एवढे एकमत लग्नाच्या बैठकीतही होत नाही! तरी सिनेटमध्ये ते अडकले. २००५ मध्ये ते पुन्हा आले, ३९३ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाले आणि पुन्हा अडकले. २००७ मध्ये तिसऱ्यांदा, ३६८ विरुद्ध ४८, फळ तेच. सर्वांना हवा असलेला हा कायदा देशाच्या पातळीवर कधी झालाच नाही.

मग काम कोणी केले? एका म्हाताऱ्या कायद्याने. १९१४ साली अमेरिकेने व्यापारावर देखरेख करणारा एक संघीय आयोग नेमला होता. १९३८ साली त्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन 'अन्याय्य किंवा फसव्या कृती व रीती' बेकायदा ठरल्या. संगणक त्या वेळी जन्मालाही यावयाचा होता. पण फसवणुकीला यंत्र लागत नाही, त्यामुळे ते शब्द शिळे झाले नव्हते. ऑक्टोबर २००४ मध्ये आयोगाने स्पायवेअरविरुद्धचा आपला पहिला खटला न्यू हॅम्पशायरमधील न्यायालयात भरला. सीस्मिक एन्टरटेन्मेंट ही कंपनी आणि तिचे सोबती प्रतिवादी होते. आयोगाची फिर्याद वाचताना हसावे की रडावे ते कळत नाही. ह्यांचे सॉफ्टवेअर ब्राउझरच्या फटीतून आपोआप आत शिरे आणि जाहिरातींचा पाऊस पाडी. मग संगणकाचा सीडी ठेवण्याचा कप्पा आपण होऊन बाहेर येई आणि पडद्यावर इशारा झळके की, कप्पा उघडला असेल तर तुमच्या संगणकाला स्पायवेअरची बाधा झाली आहे. उतारा? तोही त्यांच्याचकडे, सुमारे ३० डॉलरला. भूत लावणारा आणि अंगारा विकणारा एकच! न्यायालयाने तात्काळ मनाई हुकूम दिला. २००६ मध्ये त्यांतल्या एका प्रतिवादीला आणि त्याच्या कंपनीला ४० लाख ८९ हजार ५०० डॉलर परत करण्याचा आदेश झाला.

येथवरचे लोक गल्लीबोळांतले. लोकांना खरा धक्का बसला तो राजरस्त्यावरच्या एका प्रतिष्ठित घराण्यामुळे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच नावाच्या संगणकतज्ज्ञाने एक शोध जाहीर केला. आपल्या संगणकाची तपासणी करताना त्याला आत काहीतरी दडलेले आढळले. माग काढता काढता तो पोहोचला स्वतः विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडीपर्यंत. सोनी बीएमजी कंपनीची ती सीडी. गाण्यांच्या नकला होऊ नयेत म्हणून कंपनीने तिच्यात एक सॉफ्टवेअर घातले होते आणि त्याला लपवण्यासाठी एक बुरखा. तज्ज्ञ त्या बुरख्याला 'रूटकिट' म्हणतात. विशिष्ट अक्षरांनी नाव सुरू होणारी प्रत्येक गोष्ट तो बुरखा संगणकापासूनच लपवून ठेवी. साहजिकच दुसऱ्या चोरांनी आपल्या विषाणूंना तीच अक्षरे लावली आणि तेही बुरख्याखाली जाऊन बसले. हे घडायला दोन आठवडेही लागले नाहीत. बुरखा उपटून काढावा तर सीडी वाजवणारे यंत्रच बंद पडे.

करारनामा येथेही होता. एक लहानसे सॉफ्टवेअर बसवले जाईल असे त्यात म्हटले होते. ते लपून बसेल हे म्हटले नव्हते. त्याच कंपनीच्या दुसऱ्या काही सीडींवर मीडियामॅक्स नावाचे आणखी एक सॉफ्टवेअर होते. त्याची तऱ्हा अशी की, मालकाने करारनामा नाकारला तरी त्याचा काही भाग संगणकात उतरतच असे. म्हणजे 'होय' म्हणणाऱ्याला पुरते सांगितले नाही आणि 'नाही' म्हणणाऱ्याचे ऐकले नाही. कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने तर रेडिओवर विचारले की, बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, मग त्यांनी त्याची फिकीर का करावी? सुप्याच्या सावकाराला हे वाक्य सुचले असते तर त्याने ते खतावणीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले असते.

पण लोकांनी फिकीर केली. त्या बुरख्याच्या सुमारे ४७ लाख सीडी तयार झाल्या होत्या आणि सुमारे २१ लाख विकल्या गेल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये कंपनीने त्या परत मागवल्या. त्याच महिन्यात टेक्ससच्या महाधिवक्त्यांनी आपल्या राज्याच्या नव्या कोऱ्या कायद्याखाली दावा लावला. ग्राहकांचे दावे झाले, तडजोडी झाल्या. जानेवारी २००७ मध्ये संघीय आयोगाशीही समझोता झाला: सीडीच्या वेष्टनावर आत काय आहे ते स्पष्ट लिहावे, आणि ज्यांच्या संगणकाची हानी झाली त्यांना १५० डॉलरपर्यंत भरपाई द्यावी.

त्याच सुमारास आयोगाने दोन मोठ्या ॲडवेअर कंपन्यांना वेसण घातली. झँगोने नोव्हेंबर २००६ मध्ये ३० लाख डॉलर आणि डायरेक्ट रेव्हेन्यूने फेब्रुवारी २००७ मध्ये १५ लाख डॉलर भरण्याचे कबूल केले. दुसऱ्या प्रकरणात जॉन लिबोविट्झ ह्या आयुक्तांनी आपले वेगळे मत नोंदवले: ह्या धंद्याच्या मालकांच्या खिशात दोन कोटींहून अधिक डॉलर राहत आहेत, मग ही शिक्षा कसली? त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्या आदेशांत पैशांहून मोलाचे एक कलम होते: सॉफ्टवेअर काय करणार आहे ते आधी, ठळकपणे आणि करारनाम्याहून वेगळे सांगावे, आणि मग स्पष्ट संमती घ्यावी. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी तर २००७ च्या जानेवारीत तिसरीच नाडी पकडली. अशा सॉफ्टवेअरमधून जाहिराती देणाऱ्या तीन नामांकित कंपन्यांकडून त्यांनी दंड वसूल केला. चोराला पोसणारा हात धरला की चोर आपोआप रोडावतो.

ह्या साऱ्या प्रकरणांत कोठे ना कोठे खोटे किंवा लपवालपवी होती. प्रश्न उरला तो असा: सगळे खरे लिहिले असेल तर? हा प्रश्न २००९ साली सीअर्स ह्या जुन्या, नावाजलेल्या दुकानदार कंपनीच्या प्रकरणात सोडवावा लागला. ग्राहकांना १० डॉलर देऊन कंपनीने आपल्या एका 'मंडळाचे' सभासद होण्यास बोलावले. तुमच्या इंटरनेटवरच्या वावराची थोडी माहिती घेऊ, असे सांगितले. ते सॉफ्टवेअर प्रत्यक्षात बँकेचे हिशेब, औषधांच्या नोंदी, वाचनालयातून नेलेल्या पुस्तकांच्या नोंदी येथपर्यंत पोहोचत होते. आणि हे करारनाम्यात लिहिलेले होते! फक्त ते सुरू होत होते सुमारे ७५ व्या ओळीपासून. आयोग म्हणाला, हे सांगणे नव्हे. ७५ व्या ओळीतले सत्य हे लपवलेले सत्य आहे. जमवलेली सारी माहिती नष्ट करण्याचा आदेश निघाला. वाचकहो, हाच तो क्षण, रोख्याच्या मागे जाण्याचा. निशाणी खरी, मजकूर खरा. तरीही व्यवहार फसवा.

आणखी एक वळण राहिले. सही करणारा एक आणि पाळत दुसऱ्यावर, असे झाले तर? फ्लोरिडातली एक कंपनी 'रिमोटस्पाय' नावाचे सॉफ्टवेअर विकीत असे. एखाद्या निरुपद्रवी फोटोच्या रूपात ते दुसऱ्याच्या संगणकावर कसे धाडावे, हेही ती गिऱ्हाइकाला शिकवी. २००८ मध्ये आयोगाने तिला न्यायालयात खेचले. पुढे ही वस्तू मोबाइलमध्ये शिरली. संशयी नवऱ्याने बायकोच्या फोनमध्ये ती गुपचूप बसवावी आणि तिचे फोटो, निरोप, ठावठिकाणा घरबसल्या पाहावा, इतके ते सोपे झाले. २०२१ मध्ये आयोगाने स्पायफोन नावाच्या अशा सॉफ्टवेअरच्या चालकांना ह्या धंद्यातूनच बाद केले; अशी बंदी ही पहिलीच. घरात राहतो म्हणून कोणाला दुसऱ्याच्या वतीने सही करता येत नाही, हा त्याचा अर्थ.

आता परत घरी येऊ. आपल्याकडे २००० साली माहिती तंत्रज्ञानाचा कायदा झाला. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे, त्यातली माहिती काढणे, त्यात दूषित वस्तू सोडणे ह्यांबद्दल त्याच्या ४३ व्या कलमात भरपाई आहे. २००८ च्या दुरुस्तीने, जी ऑक्टोबर २००९ मध्ये अंमलात आली, हेच लबाडीने करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले. परंतु 'परवानगीशिवाय' ह्या शब्दात मेख आहे. दरोडेखोर परवानगीशिवाय येतो. आमचा रांगोळीवाला परवानगी खिशात घालून आला होता.

ती मेख अलीकडे हलू लागली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार वर्ज्य ठरवले. गोंधळात पाडणाऱ्या शब्दांत प्रश्न विचारून 'होय' वदवून घेणे हा त्यांतला एक. संगणकात विषाणू आहे अशी भीती घालून खोटा उतारा विकणे हा दुसरा. सीडीच्या कप्प्याची गोष्ट आठवली ना? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला होता. संमती मोकळी, नेमकी, समजून-उमजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, आणि कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती असावी, असे तो म्हणतो. तिची विनंती घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता यावी असेही म्हणतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले तेव्हा ह्या कलमांच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली.

ह्या कायद्यात एक उदाहरण दिले आहे. एका बाईने घरबसल्या वैद्यकीय सल्ला देणारे सॉफ्टवेअर घेतले. त्याने उपचारासाठी तिची माहिती मागितली आणि शिवाय तिच्या फोनमधली नावांची यादीही मागितली. तिने दोन्हींना 'होय' म्हटले. कायदा म्हणतो, उपचाराला ती यादी लागत नाही. म्हणून तिची संमती उपचारापुरतीच धरावी.

हे मी सौभाग्यवतींना वाचून दाखवले. ती रांगोळीचा डबा पुसत होती.

"मग मी दुसरं काय म्हणत होते?" ती म्हणाली.

कायद्याला तिचे एक वाक्य पटायला एवढी वर्षे आणि एवढे खटले लागले. ह्या पाडव्याला नातू पुन्हा घरी येईल. मी त्याला एकच काम सांगणार आहे: आजीच्या वतीने बटण दाबू नकोस, कागद मोठ्याने वाच, तिला समजला की तिलाच दाबू दे. गावच्या निबंधकाची जागा आता घरातल्या नातवंडांनी भरावयाची आहे.